डॉक्समधल्या छोट्या फॉरमॅटिंग चुका दुरुस्त करायला गेलो आणि पीआर बंद झाला, नेमकं कुठं चुकलं?

हळदगाव

नमस्कार मंडळी. मी सांगलीला कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे, प्रोजेक्टसाठी गेले दोन महिने पायथॉनची एक लायब्ररी वापरतोय. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तक्रार करायची नाहीये, लायब्ररी चांगलीच आहे. पण तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका फंक्शनच्या पानावर तीन गोष्टी खटकल्या.

एक म्हणजे एका पॅरामीटरचे तीन पर्याय आहेत, ते यादीत एकाखाली एक यायला पाहिजेत तर सगळे एकाच परिच्छेदात चिकटून आलेत, मध्ये मध्ये नुसत्या डॅश दिसतात, आणि त्यामुळं डिफॉल्ट कोणता हे मी चुकीचं वाचलं आणि माझा अख्खा रविवार त्यात गेला. दुसरं, कोडमधली नावं काही ठिकाणी कोडसारखी दिसतात आणि काही ठिकाणी तिरक्या अक्षरात. तिसरं सगळ्यात विचित्र, सोर्समध्ये एक नोट लिहिलेली आहे, "हे फंक्शन मूळ डेटा बदलतं" अशी, इतकी महत्त्वाची, आणि पानावर ती नाहीच. कुठंच नाही.

म्हटलं आपणच करू दुरुस्त. फोर्क केलं (म्हणजे कोडची स्वतःची प्रत काढली), एक बॅकटिक (` हे चिन्ह) दिसला तिथं दोन असं सगळ्या फोल्डरवर फाइंड-रिप्लेस मारलं, नोट नीट केली, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे बदल घ्या अशी विनंती) टाकला. एकतीस फाइल्स बदललेल्या दिसल्या, मलाही जरा जास्तच वाटलं पण म्हटलं काम जास्त केलंय तर चांगलंच. दोन दिवसांनी बंद. लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरनं नीट शब्दांत लिहिलंय, धन्यवाद पण एवढा बदल तपासणं शक्य नाही आणि काही लिंक्स तुटल्यात. रूमवरचा मित्र म्हणतो स्पेलिंग आणि बॅकटिकचे पीआर म्हणजे गिटहबच्या प्रोफाइलवर कामाचे हिरवे चौकोन वाढवायचे धंदे, त्यापेक्षा खरं कोड लिही. मला मनापासून वाटतंय की ती नोट पानावर दिसायला पाहिजे, माझ्यासारखा अजून कुणाचा तरी रविवार जाईल. मग हे करावं का, आणि करायचं तर नीट कसं करतात?

खिडकीपाशी

करावं. नक्की करावं. मी गेली काही वर्षं ऑफिसचं काम सांभाळून हेच करते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ काढ.

तुझ्या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. लिहिणाऱ्याच्या बोटांना मार्कडाउनची सवय आणि फाइल आहे रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, दोन्ही साध्या मजकुरात खुणा करून फॉरमॅटिंग करायच्या पद्धती. पायथॉनच्या बऱ्याच लायब्रऱ्यांची डॉक्स स्फिंक्सवर चालतात, म्हणजे अशा फाइल्सपासून वेब पानं बनवणाऱ्या टूलवर, खुद्द पायथॉनची डॉक्स २.६ व्हर्जनपासून लाटेक (छपाईसाठीची भाषा) सोडून स्फिंक्सवर आली, आणि स्फिंक्सची मूळ भाषा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट. दिसायला मार्कडाउनची सख्खी बहीण, नियम मात्र वेगळे.

गायब नोट आधी घेऊ. सोर्समध्ये बघ, दोन टिंबं, स्पेस, नोट आणि त्यापुढं कोलन एकच असणार. तिथं दोन लागतात, `::` असे. एकच असला की ती ओळ डायरेक्टिव्ह (स्फिंक्सला दिलेली सूचना) राहत नाही, कॉमेंट होते, आणि कॉमेंट पानावर येत नाही. यात वाईट गोष्ट अशी की बिल्ड करताना, म्हणजे पानं बनवताना, कसलीही वॉर्निंग येत नाही, कारण भाषेच्या नियमानं ती कॉमेंट अगदी बरोबर आहे. म्हणून अशा नोटा वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात, लिहिणाऱ्याला वाटतं आपण सांगितलंय आणि वाचणाऱ्याला ते कधी ऐकूच गेलेलं नसतं.

चिकटलेली यादी: यादीच्या आधी एक रिकामी ओळ लागते. ती नसेल तर पहिली डॅश ही वरच्याच वाक्याचा पुढचा भाग समजली जाते. आणि कुणी रिकामी ओळ न सोडता यादी नुसती आत सरकवली तर आणखी वेगळाच प्रकार, वरचं वाक्य एका ओळीचं असेल तर ते व्याख्येतला शब्द समजून ठळक होतं आणि यादी त्याची व्याख्या बनते. अनेक ओळींचं असेल तर मग "अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन" म्हणून ओरडतं.

आता बॅकटिक, जिथं तुझा पीआर अडकला. मार्कडाउनमध्ये एक बॅकटिक म्हणजे कोड. इथं कोडसाठी दोन, आणि एक बॅकटिक म्हणजे "प्रोजेक्टनं ठरवलेला डिफॉल्ट रोल", रोल म्हणजे त्या मजकुराचं काय करायचं ते. प्रोजेक्टनं काहीच ठरवलं नसेल तर स्फिंक्स तिरकी अक्षरं देतं, तसंच काहीसं तू पाहिलं असशील. पण बऱ्याच प्रोजेक्टांनी ठरवलेलं असतं. पायथॉनच्याच मॅटप्लॉटलिब लायब्ररीमध्ये एक बॅकटिक म्हणजे त्या ऑब्जेक्टच्या पानाची लिंक. नमपायमध्येही तो जमेल तिथं आपोआप लिंक करतो. सायकिट-लर्नमध्ये तोच सरळ कोड म्हणून सेट केलेला. म्हणजे तू फाइंड-रिप्लेस मारलंस तेव्हा जिथं जिथं लिंक होती तिथं ती मेली. पहिल्यांदा डॉक्सच्या फोल्डरमधली कॉन्फ फाइल उघडायची, त्यात डिफॉल्ट रोल काय आहे ते बघायचं, मग एकेक जागा हातानं. फाइंड-रिप्लेस इथं नाहीच चालत.

जुनापेठकर

वरचं सगळं बरोबर. मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, माझी स्वतःची एक छोटी लायब्ररी आहे, नोकरी सांभाळून रात्री दहानंतर पीआर बघतो.

एकतीस फाइल्स उघडल्या की माझ्यासमोर काय येतं सांगू का, प्रत्येक ओळ वाचावी लागते, कारण डॉकस्ट्रिंग (फंक्शनची माहिती देणारा मजकूर) ही कोडच्या फाइलमध्येच असते आणि कोडच्या फाइलमध्ये कुणी चुकून एक ओळ हलवली तर ती माझ्या नावावर जाते. तू प्रामाणिकपणे केलंस हे मला दिसत नसतं रे, मला फक्त बदल दिसतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी आम्ही पहिल्या दोन फाइल्सवरून पीआरची करतो, आणि तिथंच लिंक तुटलेली दिसली की पुढचं वाचायची ताकद राहत नाही.

मित्र म्हणतो त्यालाही कारण आहे, ते समजून घे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पीआर केले की टीशर्ट मिळायचा. २०२० च्या ऑक्टोबरात तर रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द टाकून केलेल्या पीआरचा इतका लोंढा आला की आयोजकांना पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला, ज्या रेपोनं (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) स्वतः भाग घेतलाय तिथलेच पीआर मोजायचे असा. त्या लोंढ्यात आपल्याकडची कॉलेजची मुलं बरीच होती, हे मी तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि वाईट वाटलं होतं. तेव्हापासून छोटा डॉक्स पीआर दिसला की लोक जरा सावध होतात. हा राग तुझ्यावर नाही.

तर एका पीआरमध्ये एकच प्रकारची चूक घे, त्यातही पहिला पीआर एकाच फाइलचा असू दे. वर्णनात दोन ओळी, आधी पानावर काय दिसत होतं आणि आता काय दिसतं, शक्य असेल तर दोन स्क्रीनशॉट. "फिक्स डॉक्स" एवढंच लिहू नकोस, कुठल्या फंक्शनची डॉक्स ते लिही. टाकायच्या आधी गिट डिफ (नेमकं काय बदललं त्याची यादी) स्वतः पूर्ण वाच. अनेकांच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या स्पेस काढायचं सेटिंग चालू असतं आणि मग न मागितलेल्या दोनशे ओळी बदललेल्या दिसतात, तुझ्या एकतीसपैकी काही त्या असतील बघ. गिट ॲड करताना डॅश पी लावलंस तर एकेक तुकडा विचारून घेतो, सुरुवातीला तीच सवय लाव.

आणि कॉन्ट्रिब्युटिंग फाइल वाच, प्रत्येक घरची रीत वेगळी असते. पायथॉनच्या स्वतःच्या रेपोत टायपो-फॉरमॅटिंगसारख्या किरकोळ गोष्टीला वेगळा इश्यू उघडावा लागत नाही, त्यासाठी "स्किप इश्यू" असं लेबलच आहे. नमपायवाले कमिटच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरात डॉक आणि कोलन मागतात. पांडाजमध्ये इश्यूखाली "टेक" एवढा एक शब्द लिहिला की तो तुझ्या नावावर होतो.

नादबिंदू

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, जन्मापासून दिसत नाही, पुण्यात बॅकएंडचं काम करतो. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

बॅकटिक तिरका की सरळ यानं मला काही फरक पडत नाही, खरं सांगतो. पण यादी आणि हेडिंग यानं माझा दिवस बदलतो. खरी यादी असली की एनव्हीडीए, म्हणजे माझा स्क्रीन रीडर, आधी सांगतं की यादी आहे, तीन गोष्टी आहेत, मग मी एकेक ऐकतो, नको असेल तर सरळ पुढं उडी मारतो. हळदगावनं सांगितली तशी चिकटलेली यादी मला एका दमात ऐकू येते, कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते कळत नाही. तुम्ही डोळ्यांनी बघून निदान ओळखता तरी की हे काहीतरी बिघडलंय, मला वाटतं लिहिणाऱ्याचं वाक्यच असं आहे.

हेडिंगचं तसंच. लोक घाईत हेडिंगच्या जागी नुसता शब्द ठळक करतात. दिसायला सारखंच असेल. पण मी एच बटण दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जातो, लांब पानावर फिरायची माझी तीच पद्धत, आणि ठळक शब्द त्यात येतच नाही. "एक्झाम्पल्स" हा भाग पानावर असून मला नसल्यासारखा. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या साध्या पानावर शब्दाखाली डॅशची ओळ टाकून तो नीट सेक्शन केला की लगेच सापडतो.

मित्राला सांग, हा धंदा नाही. मागं एका लायब्ररीत कुणीतरी असाच दहा-बारा ओळींचा बदल केला होता, कोण होतं माहीत नाही, त्या पानावर मी आजही महिन्यातून दोनदा जातो.

हळदगाव

नादबिंदू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. खिडकीपाशी ताई आणि जुनापेठकर काका, तुमचेही.

आज परत बसलो. कॉन्फ फाइल बघितली, डिफॉल्ट रोल लिंकचाच आहे, म्हणजे मीच लिंका तोडल्या होत्या. आता अडचण अशी, पानावरचं एडिटचं बटण दाबलं की जी फाइल उघडते तिच्यात मजकूरच नाही, फक्त दोन-तीन ओळी आहेत, ऑटोफंक्शन आणि फंक्शनचं नाव. मग लिहिलेलं आहे कुठं? आणि लॅपटॉपवर पूर्ण डॉक्स बिल्ड करायला गेलो तर पाऊण तास झाला तरी चाललंय, फॅन नुसता ओरडतोय.

खिडकीपाशी

मजकूर फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये आहे. स्फिंक्समधलं ऑटोडॉक तो पायथॉनच्या फाइलमधून उचलून पानावर आणतो. फंक्शनच्या नावाशेजारी "सोर्स" अशी लिंक असेल तर ती दाब, नाहीतर रेपोत फंक्शनचं नाव शोध. एक सांभाळ, कधीकधी एकच डॉकस्ट्रिंग चार फंक्शनांत वाटलेली असते, साच्यातून भरलेली, तेव्हा एका जागी बदललंस की चार पानं बदलतात. चारही बघायची.

पूर्ण बिल्डची गरज नसते. पांडाजच्या डॉक्स फोल्डरमधल्या मेक स्क्रिप्टला सिंगल असा ऑप्शन देऊन एकाच फंक्शनचं पान बनवता येतं. तुझ्या लायब्ररीत तशी सोय नसेल तर पीआर टाकल्यावर रीड द डॉक्स किंवा सर्कलसीआय प्रिव्ह्यू बनवून देतं का ते आधीच्या पीआरवर बघ, खालच्या चेक्समध्ये लिंक असते. पण काहीही कर, बनलेलं पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाठवायचं नाही. सोर्स बरोबर दिसतो म्हणून पान बरोबर असेलच असं नाही, हे तर तू त्या नोटेवरून शिकलासच.

आणि स्फिंक्स-लिंट हे चुका शोधणारं टूल इन्स्टॉल कर. सेकंदात चालतं, बिल्ड लागत नाही, आणि एक कोलनवाली नोट ते पकडतं, "ही कॉमेंट डायरेक्टिव्ह असावी असं वाटतंय" अशा अर्थाचा मेसेज देतं.

मुक्काम_म्यूनिक

एक भर घालतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. साध्या मजकुरात दोन डॅश लिहिले की स्फिंक्स आपणहून त्यांची एक लांब डॅश करतं, सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतं. छपाईला छान दिसतं. पण कमांडचा ऑप्शन, म्हणजे दोन डॅश आणि व्हर्बोज, जर कुणी डबल बॅकटिकमध्ये न टाकता लिहिला असेल तर पानावर एकच लांब डॅश येते, वाचणारा ते कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकतो आणि एरर येतो, आणि स्क्रीनकडं बघून कळतही नाही की फरक कुठं आहे. मी इथं नवीन होतो, टीममधल्या सगळ्यांसमोर अर्धा तास तोच कमांड परत परत मारत होतो. म्हणून कोण म्हणालं ना की फॉरमॅटिंग म्हणजे नुसतं दिसणं, तर मला ते पटत नाही.

स्टारवाले आर्ग्युमेंट्स पण बघ, साध्या वाक्यात `*` किंवा `**` लावून आर्ग्ज, केडब्ल्यूआर्ग्ज लिहिलं की त्याला वाटतं तिरकं किंवा ठळक सुरू झालं, शेवट सापडत नाही म्हणून वॉर्निंग येते. डबल बॅकटिकमध्ये टाकलं की मिटलं.

सह्याद्री_४०४

फिजिक्सवाला आहे, गणिताची एक गंमत नाही, एक त्रास सांगतो. डॉकस्ट्रिंगमध्ये लाटेकचे फॉर्म्युले असतील तर तिथं बॅकस्लॅश असतो, आणि पायथॉनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ आहे. बॅकस्लॅश-न्यू लिहिलं की बॅकस्लॅश-एन ही नवी ओळ होते आणि नुसता यू उरतो. टाइम्सचा टॅब होतो, बीटाचा बॅकस्पेस, र्‍होचा कॅरेज रिटर्न. गॅमा आणि सिग्मा मात्र नीट येतात, कारण बॅकस्लॅश-जी, बॅकस्लॅश-एस असं पायथॉनमध्ये काही नाहीच, ते तसंच सोडून देतं. त्यामुळं एकाच फॉर्म्युल्यात अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी गायब, आणि माणूस लाटेकमध्ये चूक शोधत बसतो. उपाय एका अक्षराचा, डॉकस्ट्रिंगच्या तीन अवतरणांच्या आधी आर लावायचा. पायथॉन ३.१२ पासून असे अनोळखी बॅकस्लॅश दिसले की सरळ सिंटॅक्स वॉर्निंग येते, आधी ती डेप्रिकेशन वॉर्निंग होती आणि सहसा दिसायचीच नाही, त्यामुळं हल्ली निदान सुगावा तरी लागतो.

आर लावताना एवढं बघ की आत कुणी आधीच दोन-दोन बॅकस्लॅश टाकून ठेवलेत का, असतील तर ते एकेक करायचे.

खिडकीपाशी

मराठीतून डॉक्स लिहिणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून एक. आमच्या ग्रुपमध्ये मुलांसाठी नोट्स मराठीत लिहिल्या तेव्हा जागोजागी बिल्ड तुटत होतं. कारण आपली भाषा. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो, आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला बंद होणाऱ्या बॅकटिकनंतर स्पेस किंवा विरामचिन्हच लागतं. ``लिस्ट``मध्ये असं लिहिलं की त्याला बॅकटिक बंद झालाय हेच कळत नाही. मध्ये स्पेस सोडली तर "लिस्ट मध्ये" असं तुटक दिसतं, ते मला सहन होत नाही. बॅकटिक आणि प्रत्यय यांच्यामध्ये बॅकस्लॅश आणि त्यापुढं एक स्पेस टाकायची, पानावर दोन्ही नाहीसे होतात आणि शब्द सलग येतो. सोर्स वाचायला थोडा काटेरी होतो पण पान सुंदर येतं.

हळदगाव

झालं, पाठवला. एक फाइल, नऊ ओळी. नोटेचा दुसरा कोलन, यादीच्या आधीची रिकामी ओळ, आणि यादीच्या ओळी नीट केल्या. बॅकटिकला हात नाही लावला. मी आधी दोन्ही चुका वेगळ्या पीआरमध्ये टाकणार होतो पण एकाच डॉकस्ट्रिंगमधल्या होत्या म्हणून एकत्र ठेवल्या, वर्णनात तसं लिहिलं, दोन स्क्रीनशॉट लावले. जुन्या पीआरचाही उल्लेख केला, की तेव्हा लिंक तुटल्या ती माझी चूक होती.

प्रिव्ह्यूमध्ये नोट दिसली. निळ्या चौकटीत. मित्राला बोलावून दाखवली.

स्फिंक्स-लिंट चालवलं तर अजून चार फाइल्समध्ये एक कोलनवाल्या नोटा निघाल्यात, त्यातली एक "हे व्हर्जन अमुकमध्ये बदललं" या प्रकारची आहे. त्या याच पीआरमध्ये घालू का?

जुनापेठकर

नको. हा मर्ज होऊ दे, मग त्या चारींचा एक वेगळा. आणि त्या व्हर्जनवाल्या नोटेचं जरा बघ, इतके दिवस ती कुणाला दिसत नव्हती, तेव्हा तिच्यात लिहिलेलं आज खरं आहे का ते गिट ब्लेम (कोणती ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणारी कमांड) लावून तपास, शिळी झाली असेल तर मेंटेनरला विचारून मगच पानावर आण. आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही तर थांब, लगेच परत पिंग करू नको, लोक आपल्यासारखेच रात्री दहानंतर बसतात.